गोष्टीतली ‘वेडी’ बाई आणि डॉक्टरांचा केसपेपर: दोन्ही शेजारी ठेवून कसं वाचायचं

कादंबरीत एखादी बाई ‘वेडी’ म्हणून आली की आपण बहुतेक वेळा दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर लेखकाने सांगितलं ते मुकाट मान्य करतो, बाई वेडी आहे, भयानक आहे, पुढचं पान उलटतो. नाहीतर एकदम उलटं टोक, हल्ली हेच जास्त दिसतं, की ती वेडी नव्हतीच मुळी, ती बंडखोर होती आणि समाजाने तिला वेडी ठरवलं. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त टोचतं, कारण ते दिसायला बाईच्या बाजूचं असतं पण त्यात तिचं दुखणंच गायब होतं. तिला रात्ररात्र झोप नव्हती, ती रडून रडून अर्धी झाली होती, या गोष्टीला कोणी विचारतच नाही.

तर हे वाचायचं कसं, यासाठी मी जी पद्धत वापरते ती इथे सांगते. गोष्ट एका हाताला ठेवायची, त्याच काळातलं डॉक्टरी लिखाण दुसऱ्या हाताला, आणि दोघांना तेच तेच प्रश्न विचारायचे. बोलतंय कोण? दाराची किल्ली कोणाकडे आहे? आणि या बाईला स्वतःला नेमकं काय होत होतं, ते तिच्या शब्दांत कुठे सापडतं का? मानसशास्त्राची डिग्री लागत नाही, पेन्सिल लागते आणि वेळ लागतो.

आधी बघा बोलतंय कोण

सुरुवातीला शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ घ्या, 1847 ची. जेन ही रॉचेस्टर नावाच्या श्रीमंत माणसाच्या घरातली गव्हर्नेस, म्हणजे मुलांना घरी शिकवणारी बाई, दोघांचं लग्न ठरतं, आणि त्याची आधीची बायको बर्था वरच्या मजल्यावर कोंडलेली असते हे सगळ्यांना माहीत असतं, पुस्तक न वाचलेल्यांनाही. पण सव्विसावं प्रकरण काढून पेन्सिल घेऊन बसा. तिथे जेन तिला समोरासमोर बघते तेव्हा सुरुवातीला ती स्त्री म्हणून येतच नाही. प्राणी की माणूस तेच कळत नाहीये, चार पायांवर चाललंय, गुरगुरतंय, अंगावर कपडे आहेत एवढीच काय ती माणसाची खूण. मूळ इंग्रजीत त्या सुरुवातीच्या वर्णनात ‘ती’ नाहीच, नपुंसकलिंगी सर्वनाम आहे, प्रत्येक वेळी खूण करत गेलात की हे डोळ्यावर येतं. आता दुसरं काम करा, आख्ख्या कादंबरीत बर्थाच्या तोंडचं एक तरी थेट वाक्य शोधा. हसणं ऐकू येतं, किंचाळणं ऐकू येतं, ती काय म्हणाली ते तिचा भाऊ सांगतो, पण तिचं स्वतःचं वाक्य नाही.

मग तिच्याबद्दलची माहिती येते कुठून? रॉचेस्टरकडून. तिचं घराणंच वेडं, आई वेडी आणि दारुडी, आणि हिच्या बेताल वागण्याने तो आजार वेळेआधी उफाळला, हे सगळं तोच सांगतो. आणि कधी सांगतो, तर दुसरं लग्न करताना चर्चमध्ये पकडला गेल्यावर. ज्या माणसाला या लग्नात तीस हजार पाउंड मिळाले आणि ज्याला आता त्यातून सुटायचंय त्याची ही जबानी आहे, म्हणून ती खोटीच असं नाही, पण कोर्टात जशी उलटतपासणी होते तशी ती व्हायला पाहिजे. गंमत म्हणजे ती थोडी पुस्तकातच होते. सत्ताविसाव्या प्रकरणात जेन त्याला तोंडावर सांगते की तुम्ही त्या बिचारीबद्दल इतक्या द्वेषाने बोलता, हे क्रूर आहे, वेड लागलं यात तिचा काय दोष. बर्थावर बोलणारे बरेच लोक हे वाक्य सोडून देतात. सोडू नका.

आता लेखिकेचं पत्र बाजूला ठेवा. जानेवारी 1848 मध्ये ब्राँटेने प्रकाशकाच्या ऑफिसातल्या विल्यम्स नावाच्या माणसाला लिहिलं की अशा रुग्णाकडे बघून मनात फक्त खोल करुणा यायला हवी, आणि मी तिच्यावर पुरेसा भर दिला नाही, भीतीच जास्त झाली ही माझी चूक. पुस्तक येऊन तीन महिने पण झाले नव्हते. त्याच सुमाराला दुसरी आवृत्ती तिने कादंबरीकार थॅकरेला अर्पण केली आणि तिला माहीतच नव्हतं की थॅकरेची बायको इझाबेला 1840 मध्ये, तिसऱ्या बाळंतपणानंतर, मनाने आजारी पडली होती आणि ती दुसरीकडे सांभाळायला ठेवलेली होती. लंडनमध्ये लगेच कुजबूज सुरू झाली की ही लेखिका त्याच्याच घरातली गव्हर्नेस असणार. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण एका बाजूला कागदावरची गुरगुरणारी बर्था आणि दुसऱ्या बाजूला खरी, बाळंतपणानंतर खचलेली इझाबेला, या दोघी एकाच शहरात एकाच वर्षी लोकांच्या बोलण्यात होत्या, आणि इझाबेलाला काय वाटत होतं हे कोणी विचारत नव्हतं.

यानंतर जीन ऱ्हिसची ‘वाइड सार्गासो सी’ वाचा, 1966 ची. त्यात बर्थाला तिचं नाव परत मिळतं, आन्त्वानेत, आणि बर्था हे नाव नवऱ्याने लादलेलं आहे हे दिसतं. ऱ्हिस स्वतः कॅरिबियन बेटांवरच्या डॉमिनिकाची, त्यामुळे ब्राँटेने दूरची एक अंधारी जागा म्हणून वापरलेला भाग तिच्यासाठी घर होतं. पण इथेही तोच प्रश्न विचारा, बोलतंय कोण, कारण दुसऱ्या भागाचा बराचसा हिस्सा नवराच सांगतो. ही सहानुभूतीची कादंबरी आहे म्हणून आपली पेन्सिल खाली ठेवायची नाही.

किल्ली कोणाकडे होती ते कायद्यात शोधा

साहित्यावर बोलणारे लोक ही पायरी सर्रास गाळतात. कोणत्या काळात, कोणत्या ठिकाणी, कोणाच्या सहीने बाईला आत टाकता येत होतं? हे कळलं नाही तर गोष्टीतली भीती अतिशयोक्ती वाटते.

अमेरिकेतल्या इलिनॉयचं उदाहरण घ्या. तिथल्या 1851 च्या कायद्याने नवऱ्याच्या सांगण्यावरून विवाहित बाईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत होतं आणि इतरांच्या बाबतीत जो पुरावा लागायचा तो तिच्या बाबतीत लागत नव्हता. एलिझाबेथ पॅकर्ड, सहा मुलांची आई, नवरा पाद्री. तिचे धर्माबद्दलचे विचार नवऱ्याला पटेनात आणि 1860 मध्ये त्याने तिला जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात पाठवलं, तीन वर्षं ती आत होती. सुटून आल्यावर त्याने तिला घरातल्याच खोलीत कोंडलं आणि खिडकीला खिळे ठोकले, आणि इथे तो फसला, कारण कायदा इस्पितळात ठेवायची परवानगी देत होता, घरात कोंडायची नाही. तिने चिठ्ठी बाहेर पोचवली, केस कोर्टात गेली, जानेवारी 1864 मध्ये ज्युरीने सात मिनिटांत निकाल दिला की बाई शहाणी आहे. पुढे तिने पुस्तकं लिहिली, कायदे बदलावे म्हणून आयुष्यभर फिरली. इस्पितळाच्या आतून काय दिसतं हे तिच्या लिखाणात मिळतं आणि ते कादंबरीच्या शेजारी ठेवायला अगदी योग्य आहे.

पत्रकार नेली ब्लाय पण वाचा. 1887 मध्ये तिने वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स आयलंडवरच्या बायकांच्या असायलममध्ये, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, दहा दिवस काढले आणि वर्तमानपत्रात सगळं छापलं. मला त्यातला सगळ्यात अंगावर येणारा भाग थंड पाण्याच्या आंघोळीचा किंवा कुजक्या जेवणाचा नाही. आत गेल्यागेल्या तिने सोंग सोडलं, नेहमीसारखी वागायला बोलायला लागली, आणि ती जितकी शहाण्यासारखी बोलायची तितकी ती जास्त वेडी आहे असं मानलं जायचं. आणि एक जर्मन बाई, जिला फक्त जर्मन येत होतं, तिला दुभाषा न देताच आत घेतलं गेलं. तिला काय होत होतं किंवा होत नव्हतं हे विचारायची सोयच नव्हती.

उपचाराची नीट माहिती काढा, नुसतं नाव पुरत नाही

शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ ही 1892 ची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. डॉक्टर नवरा, बायको बाळंतपणानंतर आजारी, तिला वरच्या खोलीत विश्रांतीसाठी ठेवलंय, लिहायला बंदी, आणि ती भिंतीच्या पिवळ्या कागदात एक बाई अडकलेली बघायला लागते. गोष्टीत एके ठिकाणी नवरा धमकी दिल्यासारखं म्हणतो की लवकर बरी झाली नाहीस तर वेअर मिचेलकडे पाठवीन. हा मिचेल खरा माणूस आहे, फिलाडेल्फियाचा नामांकित न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचा डॉक्टर, आणि गिलमन खरंच त्याच्याकडे गेली होती, 1887 मध्ये.

इथे थांबून मिचेलचं स्वतःचं लिखाण वाचायचं. तो साधासुधा डॉक्टर नव्हता, अमेरिकन यादवी युद्धात नसांना जखमा झालेल्या सैनिकांवर त्याने मोठं काम केलं, कापलेला हात किंवा पाय अजून आहेच असं वाटतं त्या प्रकाराला ‘फँटम लिंब’ हे नाव त्याचंच. 1877 च्या ‘फॅट अँड ब्लड’ या पुस्तकात त्याने विश्रांतीचा उपचार मांडला: सहा आठवडे ते दोन महिने अंथरुणावर, घरच्यांपासून लांब, बसायचं नाही, शिवायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, नर्स भरवणार, दूध भरपूर, मसाज, विजेचे हलके झटके. सुरुवातीला दात घासण्यापुरती हालचाल करायची परवानगी. आणि एके ठिकाणी तो उघड लिहितो की ज्या बायकांना पडून राहायला आवडतं त्यांना असं महिनाभर वाचन लेखन शिवण बंद करून, नात्यातली नसलेली एक नर्स देऊन झोपवलं की विश्रांती हे कडू औषध होतं, मग उठा म्हटलं की त्या आनंदाने उठतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो सद्हेतूने दिलेला आहे हे जास्त वाईट. हा परिच्छेद वाचून मग गोष्टीकडे परत या, खिडकीचे गज, जमिनीला पक्का केलेला पलंग, नवऱ्याचं प्रत्येक वाक्यात लहान मुलीशी बोलल्यासारखं बोलणं, सगळं वेगळं वाचलं जातं.

गिलमनने मिचेलला भेटायच्या आधी आपल्या आजाराचा सगळा इतिहास लिहून पाठवला होता. आजच्या डॉक्टरला असा पेशंट मिळाला तर तो खूश होईल. मिचेलने ते पत्र म्हणजे स्वतःबद्दलच्या अहंकाराचा पुरावा मानलं, असं ती आत्मचरित्रात लिहिते. महिनाभराने घरी पाठवताना त्याने सांगितलं की होईल तितकं घरगुती आयुष्य जग, मूल सतत जवळ ठेव, दिवसात फक्त दोन तास बौद्धिक काम, आणि आयुष्यभर पेन ब्रश किंवा पेन्सिलला हात लावू नकोस. तिने ते काही महिने पाळलं आणि ती पूर्ण कोसळायच्या काठावर आली.

आणि पुरुषांना काय सांगायचा मिचेल? ओवेन विस्टर नावाच्या तरुणाला 1885 मध्ये त्याने वायोमिंगला पाठवलं, घोड्यावर बस, मोकळ्या हवेत फिर, लिही. तो परत आला, पुढे त्याच अनुभवावर कादंबरी लिहून प्रसिद्ध झाला. डॉक्टर तोच, दशक तेच. म्हणून माझी एक सवय आहे, कुठलाही उपचार वाचला की त्याच काळात तीच तक्रार घेऊन पुरुष गेला तर काय मिळायचं ते शोधायचं. पहिल्या महायुद्धात हे फार स्पष्ट दिसतं. सैनिकांना वाचा जाणं, पाय लुळे पडणं, कंप सुटणं हे सगळं व्हायला लागलं, जे बायकांना झालं की हिस्टेरिया म्हणायचे, आणि त्यासाठी ‘शेल शॉक’ असं वेगळं नाव आलं. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ स्वतः विश्रांतीच्या उपचारातून गेलेली होती, 1910 मध्ये ट्विकनहॅमच्या नर्सिंग होममध्ये, तिने ‘मिसेस डॅलोवे’ लिहिताना तो अनुभव बाईला दिलाच नाही, युद्धावरून परतलेल्या सेप्टिमसला दिला. तेव्हा बाईचं आजारपण शोधताना पुरुष पात्रांकडेही बघा.

अजून एक शहानिशा. 1913 मध्ये गिलमनने लिहिलं की माझी गोष्ट वाचून त्या डॉक्टरने आपला उपचार बदलला असं मला कळलं. हे वाक्य सगळीकडे आनंदाने सांगितलं जातं. पण मिचेलच्या स्वतःच्या लिखाणात त्याला दुजोरा मिळत नाही. मला गिलमनबद्दल प्रचंड आदर आहे आणि म्हणूनच तिचं वाक्यही तपासायचं, डॉक्टरला एक नियम आणि लेखिकेला दुसरा असं चालणार नाही.

फोटो आणि चित्रं बघताना

पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात शार्को नावाचा डॉक्टर हिस्टेरियाची प्रात्यक्षिकं करून दाखवायचा आणि 1876 ते 1880 मध्ये तिथल्या पेशंट बायकांच्या फोटोंचे खंड निघाले. त्यातली ऑगस्टीन सगळ्यात प्रसिद्ध, 1875 मध्ये आली तेव्हा चौदा पंधरा वर्षांची पोर. तिच्या एका फोटोखाली ‘परमानंद’ अशा अर्थाचं शीर्षक आहे, हात वर, नजर वर, एखाद्या संतिणीसारखी. फोटो सुंदर आहे आणि तिथेच घात होतो. त्या काळी फोटोला काही क्षण स्थिर राहावं लागायचं, म्हणजे झटक्याच्या मध्ये कोणीतरी तिला धरलंय, थांबवलंय, किंवा तिला ठाऊक झालंय की असं थांबायचं असतं. आणि त्याच खंडात तिचा केसपेपर पण छापलाय, त्यात स्वच्छ लिहिलंय की तेरा वर्षांची असताना आईच्या मालकाने तिच्यावर बलात्कार केला होता. झटक्यात ती त्या माणसाशी बोलते, ते शब्दही लिहून घेतलेत. लिहून घेतलेत, आणि मग पुढे झटक्याच्या कोणत्या टप्प्यात कोणती पोझ एवढंच मोजलंय. 1880 मध्ये ती पुरुषाचे कपडे घालून इस्पितळातून पळून गेली.

ब्रुइए या चित्रकाराचं 1887 चं मोठं चित्र इंटरनेटवर सहज मिळतं, शार्को लेक्चर देतोय, पेशंट ब्लांश विटमन बेशुद्धावस्थेत एका डॉक्टरच्या हातावर कलंडलीये, समोर पुरुषांची गर्दी. सगळे ब्लांशकडे बघतात. तुम्ही मागच्या भिंतीकडे बघा. तिथे कमानीसारखं वाकलेल्या बाईचं चित्र टांगलंय, आणि ते प्रेक्षकांच्या पाठीशी आहे, ब्लांशच्या बाजूला तोंड करून. म्हणजे आता शरीराने काय करायचं ते तिच्या समोरच लटकवलेलं आहे. ती नाटक करत होती असं मी म्हणत नाहीये. खऱ्या दुखण्याला पण बाहेर यायला आकार लागतो आणि तो आकार इस्पितळ पुरवत होतं, असं मला वाटतं.

तारखा जुळवायची सवय लावा, एका कागदावर वर्ष आणि समोर घटना. 1887 समोर बघा काय काय येतं: फिलाडेल्फियात गिलमन अंथरुणावर, न्यूयॉर्कच्या बेटावर नेली ब्लाय, पॅरिसमध्ये हे चित्र प्रदर्शनात. अशी एक ओळ समोर असली की डोकं लगेच जोडायला लागतं.

केसपेपर पण गोष्टच असतो

1895 मध्ये मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइड या डॉक्टरने स्वतः लिहिलं की माझे रुग्ण-वृत्तांत लघुकथांसारखे वाचले जातात आणि त्यावर शास्त्राचा गंभीर शिक्का दिसत नाही याचं मलाही नवल वाटतं. म्हणजे कादंबरीला जे प्रश्न विचारले तेच इथे विचारायची परवानगी खुद्द लेखकाने दिलीये. ‘डोरा’ची केस घ्या, 1905 मध्ये छापलेली. अठरा वर्षांची मुलगी, खरं नाव इडा बाउअर. वडील तिला घेऊन आले, हिला जरा ताळ्यावर आणा म्हणाले. वडिलांचं एका मित्राच्या बायकोशी प्रकरण, आणि तो मित्र या मुलीच्या मागे. चौदा वर्षांची असताना त्याने तिला एकटीला गाठून जवळ ओढून चुंबन घेतलं, तिला किळस आली. फ्रॉइड लिहितो की अशा प्रसंगी ज्या व्यक्तीला सुखाऐवजी किळस येते ती हिस्टेरिक आहे असं मी बेशक म्हणेन.

हे वाक्य वाचून पुस्तक फेकावंसं वाटतं. फेकू नका, पुढे वाचा, कारण त्याच वृत्तांतात मुलीचं म्हणणं पण शिल्लक राहिलंय. ती ‘नाही’ म्हणते ते लिहिलंय, वडिलांनी आपल्याला त्या माणसाच्या हवाली केलं हा तिचा आरोप लिहिलाय, 31 डिसेंबर 1900 ला ती उठून गेली ते लिहिलंय. पुढे तिने त्या जोडप्याला जाब विचारला आणि त्या माणसाने तळ्याकाठचा प्रसंग (चुंबनानंतरचा दुसरा, तिथे त्याने तिला गळ घातली होती) कबूल केला, हेही शेवटच्या टिपणात आहे. असं वाचताना दोन रंगाचे पेन वापरा, डॉक्टरचं मत एका रंगात, पेशंटचं म्हणणं दुसऱ्या रंगात. दुसऱ्या रंगाच्या ओळी कमी असतात पण त्या सलग काढून वेगळ्या लिहिल्या की एक वेगळीच मुलगी समोर येते, हुशार, संतापलेली आणि बऱ्याच बाबतीत बरोबर.

‘हिस्टेरिया’ हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीतून 1980 मध्ये गेलं, त्याचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी राहिले.

आजार पुसून टाकू नका

1928 मध्ये पॅरिसच्या सरिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि अचेतन मन यांतून कला शोधणाऱ्या, कवींनी हिस्टेरियाची पन्नाशी साजरी केली, ऑगस्टीनचे फोटो छापले आणि हा एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात मोठा काव्यात्म शोध आहे असं जाहीर केलं. त्यांचा हेतू डॉक्टरांना टोला मारायचा होता. पण बलात्कार झालेल्या त्या पोरीचं त्यात काय झालं? तिच्याकडे पुन्हा बघितलंच गेलं, फक्त बघणारे बदलले. आजही कोणी ‘हॅम्लेट’मधल्या, वेड लागून बुडून मेलेल्या ओफेलियाच्या चित्रासारखे फोटो काढून दुःखाला सुंदर करून टाकतं तेव्हा मला हेच आठवतं.

म्हणून तिसरा प्रश्न, तिला स्वतःला काय होत होतं. गिलमनची समीक्षा करताना भिंतीच्या कागदातली बाई म्हणजे पितृसत्ता वगैरे जरूर लिहा, पण गिलमन खरंच आजारी होती, मुलगी झाल्यावर महिनोन्महिने ती रडत होती, बाळाला जवळ घेतलं तरी. तिला उपचार नको नव्हता, चांगला उपचार हवा होता. सिल्व्हिया प्लाथच्या ‘द बेल जार’मध्ये हा फरक फार बारकाईने आलाय. 1963 मध्ये टोपणनावाने आलेली ही कादंबरी लोक प्लाथच्या आत्महत्येवरून मागे मागे वाचत जातात, तसं करू नका, नायिका एस्थरला एस्थर म्हणून वाचा. तिला दोन ठिकाणी विजेचे शॉक दिले जातात. पहिला डॉक्टर गॉर्डन, गुळगुळीत, ऐकून न घेणारा, तिथला शॉक म्हणजे नुसती यातना. दुसरी डॉक्टर नोलन, जिने वचन दिलेलं असतं की शॉक द्यायचा असेल तर मी आधी सांगेन. एके सकाळी एस्थरचा नाश्ता येत नाही आणि तिला कळतं. तिला शॉकपेक्षा जास्त लागतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही हे. मग नोलन येते, सांगते की रात्री सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस, म्हणून मी स्वतः आले, आणि तिच्यासोबत शेवटपर्यंत चालत जाते. यंत्र तेच, फरक माणसात आणि शब्द पाळण्यात. औषध वाईट किंवा औषध चांगलं अशा भांडणात अडकलेल्यांनी ही काही पानं वाचावीत.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. 2009 मध्ये सुझॅना कॅहलन या न्यूयॉर्कच्या चोवीस वर्षांच्या पत्रकाराला भास, संशय, झटके सुरू झाले, एका डॉक्टरने दारू आणि ताण यांवर खापर फोडलं. मग एका न्यूरॉलॉजिस्टने तिला घड्याळ काढायला सांगितलं, तिने बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने लिहिले आणि मेंदूला सूज आहे हे लक्षात आलं. तिला झालेला तो आजार वैद्यकशास्त्रात नीट ओळखला गेला तोच 2007 मध्ये, आणि सुरुवातीचे रुग्ण मुख्यतः तरुण बायका होत्या, ज्यांना आधी मनोरुग्ण समजलं गेलं. तिने इस्पितळातल्या नोंदी आणि व्हिडिओ मागवून पुस्तक लिहिलं कारण तिला स्वतःला तो महिना आठवतच नव्हता. किल्ली आणि लेखणी दोन्ही परत घेणं म्हणजे काय ते तिथे दिसतं.

पुढे पाठवायच्या आधी तपासा

या विषयावर व्हायरल गोष्टी भरपूर आहेत. व्हिक्टोरियन डॉक्टर हिस्टेरियावर व्हायब्रेटरने उपचार करायचे ही सगळ्यात लाडकी. ती 1999 च्या एका पुस्तकातून पसरली आणि 2018 मध्ये दोन संशोधकांनी त्या पुस्तकातले मूळ संदर्भ एकेक करून तपासले तेव्हा दाव्याला आधार सापडला नाही. दुसरी म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाच्या असायलमची ‘भरती करण्याची कारणं’ अशी यादी, त्यात कादंबऱ्या वाचणं पण आहे. यादी खोटी नाही, पण ती डॉक्टरांची निदानं नाहीत, आजार कशामुळे झाला असावा याबद्दलचे त्या वेळचे अंदाज आहेत, बरेचसे घरच्यांनी सांगितलेले. कादंबरी वाचली म्हणून आत टाकलं आणि कादंबऱ्यांनी डोकं फिरलं असं घरच्यांना वाटलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मला जास्त काही सांगते.

स्वतः लिहायला बसलात तर

मेलेल्या लेखिकेला आजचं निदान चिकटवू नका, तिला बायपोलर होता, हिला बॉर्डरलाइन होता वगैरे, तिने आणि तिच्या डॉक्टरांनी काय नोंदवलं ते लिहा आणि तिथे थांबा. पात्राला तर मुळीच नको. आत्महत्येबद्दल लिहावं लागलं तर पद्धतीचे तपशील देऊ नका, ओळखीच्या कोणाबद्दल लिहित असाल तर तिला विचारल्याशिवाय लिहू नका, नाव बदललं तरी गावभर ओळख पटते. आणि आत्ता तुम्ही स्वतः त्या अवस्थेत असाल, तर ही पुस्तकं थांबू शकतात. आधी ऐकून घेणारा डॉक्टर शोधा, एक ऐकत नसेल तर दुसरा, आणि जाताना आपली लक्षणं गिलमनसारखी सविस्तर लिहून न्या.

सुरुवात ‘द यलो वॉलपेपर’ने करा, एका बैठकीत होते आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. दुसऱ्या दिवशी मिचेलच्या पुस्तकातलं फक्त विश्रांतीचं प्रकरण वाचा आणि मग लगेच गोष्ट पुन्हा. ‘जेन एअर’ मोठी आहे, वेळ नसेल तर विसावं, सव्विसावं आणि सत्ताविसावं प्रकरण वाचून ऱ्हिसकडे जा. डोरा सगळ्यात शेवटी ठेवा, दोन रंगांचे पेन घेऊन.